ओफोरी जे म्हणाले नाहीत

कर्नलने पहिल्या माणसाला गोळी घातली तेव्हा मी "परंतु" या शब्दावर होतो.

ओफोरी साहेबांचं इंग्रजी वाक्य लांब होतं. त्यातलं निम्मं माझं फ्रेंचमध्ये सांगून झालं होतं, "परंतु" म्हटलं, आणि टेबलापलीकडे बसलेल्या कर्नल माबुंडोने हात वर करून मला थांबवलं. तो उठला. भिंतीला टेकवून बसवलेल्या माणसांपैकी एकाची कॉलर धरून त्याला व्हरांड्यात घेऊन गेला. मला त्या माणसाची फक्त पाठ दिसली आणि कानामागे खोचलेली पेन्सिल. आवाज फार मोठा झाला नाही. कर्नल परत येऊन खुर्चीत बसला, पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हं, बोल पुढे. परंतु काय?"

मला पुढचं वाक्य आठवेना.

मारलेला माणूस चहाच्या त्या कारखान्यातला वजनकाट्यावरचा कारकून होता. त्याचं नाव ओनेसिम, हे मला नंतर कळलं. भिंतीशी बसलेल्या बाकीच्यांना मग वरच्या माळ्यावर नेलं.

कासांबा नावाच्या देशातली ही गोष्ट आहे. पूर्वेकडच्या डोंगरात रुवेंगो म्हणून भाग आहे, तिथे चहाचे मळे. मी मूळचा सावंतवाडीचा, विश्राम तोरसकर. पुण्यात फ्रेंच शिकवायचो, मग शांतिसेनेकडे दुभाष्याची नोकरी मिळाली म्हणून तिकडे गेलो. देशात फ्रेंच चाले. मध्यस्थ म्हणून आलेले ओफोरी घानाचे, त्यांना इंग्रजीच येई. त्यामुळे सात महिने मी त्यांचा आवाज होतो. ते पूर्वी न्यायाधीश होते. साठीच्या पुढचे, ठेंगणे, चालताना थोडे लंगडत. पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, "तोरसकर, माझं वाक्य वाईट असलं तरी तसंच पोचवा. सुधारू नका. समोरच्याला मी जितका मूर्ख आहे तितकाच दिसलो पाहिजे."

माबुंडोने दोन वर्षांपूर्वी एका गावातल्या चर्चमध्ये माणसं कोंडून आग लावली होती. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याच्यावर वॉरंट काढलं होतं. आता सरकारी फौजेने त्याला या कारखान्यात घेरलं होतं आणि त्याने चौसष्ट माणसं आत धरली होती. पानं खुडणाऱ्या बायका, कामगार, दवाखान्यातल्या दोन नर्स. राष्ट्राध्यक्षांना डोंगरातली लढाई संपवायची होती. त्यांनी सही करून अभयपत्र पाठवलं होतं: माबुंडोने माणसं सोडावीत, सीमेपलीकडे निघून जावं, देशातलं कोणतंही कोर्ट त्याला हात लावणार नाही.

"देशातलं," माबुंडो म्हणाला. "मला देशातल्या कोर्टाची भीती कधी होती? हेगचं काय ते सांग."

ओफोरी म्हणाले, "त्यांना सांगा, मला राजधानीत फोन करावा लागेल."

"कर. तासाला एक माणूस. घड्याळ बघून कर."

फोनला बाहेर अंगणात रेंज येई. तिथे आमच्या दोन पांढऱ्या गाड्या आणि शांतिसेनेतले सहा भारतीय जवान उभे होते. त्यांचे प्रमुख सुभेदार आनंदा खरात, माण तालुक्यातले. ओफोरी फोनवर बोलत असताना ते माझ्याजवळ आले. व्हरांड्यात ओनेसिम तसाच पडला होता, फरशीवरून रक्त पायरीपर्यंत आलेलं.

"तोरसकर साहेब, आत काय चाललंय म्हणायचं?"

"तासाला एक मारणार म्हणतोय, सुभेदार साहेब."

"आन् आमी हितं बघत हुबं ऱ्हायचं?"

"तुमची ऑर्डर काय आहे?"

"आमच्यावर गोळी आल्याबिगर उडवायची न्हाई." ते थुंकले. "सहा मान्सं हायत माझ्याकडं. आत चाळीस बंदुका. समदी मान्सं वरच्या माळ्यावर, जिना एकच. मी गेलो तर वरची एक बी वाचायची न्हाई. तुमी बोलून काय ते करा. तुमच्याच तोंडावर हाय आता."

तेवढ्यात खालच्या मळ्यातून सरकारी फौजेचा तोफगोळा शिट्टी वाजवत आला आणि कारखान्यामागे फुटला. पत्र्यावर दगडमाती बदाबद पडली. वरच्या माळ्यावर बायका एकदम ओरडल्या. ओफोरी फोनमध्ये ओरडत होते, "गोळे थांबवा! मी आत आहे, गोळे थांबवा!" नंतर गोळे थांबले, पण एका कामगाराचा पाय गुडघ्याखाली गेला होता, आणि त्याचं ओरडणं पुढचा तासभर छतातून येत राहिलं. मग ते बंद झालं. त्या कामगाराला कोणी हिशेबात धरलं नाही.

तास भरला तेव्हा आम्ही टेबलाशी होतो. राजधानीतून उत्तर आलं नव्हतं. माबुंडोने या वेळी आपल्या धाकट्या भावाला खूण केली. हा सिमॉन. पूर्वी मालवाहू जहाजांवर खलाशी होता, थोडं इंग्रजी समजायचं त्याला, पण तो बहुतेक वेळ बाहेर आपल्या माणसांबरोबर असायचा. सिमॉनने बंदूक वापरली नाही. "गोळ्या वाचवायच्या आहेत," असं म्हणाला आणि चहाची झुडपं छाटायचा कोयता घेतला. दुसरा माणूस म्हातारा होता. त्याने पहिला घाव हातावर घेतला. चार घाव लागले. मी डोळे मिटले होते, तरी मोजले. माझ्या पायावर काहीतरी ऊन उडालं आणि मी खुर्ची मागे ओढली, तर ओफोरींनी टेबलाखालून माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार पडला होता.

"तोरसकर," ते हळूच म्हणाले, "उलटी आली तर करा. पण उठू नका."

ते स्वतः फोन घेऊन बाहेर गेले. खोलीत मी, माबुंडो आणि त्याचे दोन रखवालदार उरलो. तेव्हा सिमॉन पुढच्या तासासाठी एका बाईला वरून घेऊन आला, मागोमाग एक नर्सही उतरली. तिशीची असेल. तिच्या पाठीवर फडक्यात बांधलेलं मूल होतं. ती काही न बोलता गाठ सोडू लागली. गाठ सुटेना तेव्हा तिने शेजारच्या नर्सकडे पाठ केली. नर्सने गाठ सोडली, मूल घेतलं. बाई जिथे सांगितलं तिथे जाऊन उभी राहिली आणि आपल्या झग्याच्या चुण्या सारख्या करू लागली.

माबुंडो माझ्याकडे बघत होता. "तुझा देश कुठला?"

"भारत."

"म्हणजे तू इथल्या कोणाचा नाहीस. तो म्हातारा माझ्यापासून काहीतरी लपवतोय. मला त्याच्या डोळ्यांत दिसतं, पण मला त्याची भाषा येत नाही. तू सांग. हा कागद हेगला चालतो?"

मला उत्तर माहीत होतं. सात महिने या लोकांची टिपणं मी वाचली होती. कोणत्याही राष्ट्राध्यक्षाच्या सहीने ते न्यायालय बांधलं जात नाही. मी म्हणालो, "ते मी सांगू शकत नाही. ते आले की सांगतील."

"ठीक. अजून अठरा मिनिटं आहेत."

ओफोरी आले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. बसले, चष्मा काढून पुसला आणि इंग्रजीत सावकाश बोलले. ते सगळं मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

"कर्नलना सांगा, सरकार आपला शब्द पाळेल. पण हेगचं न्यायालय कोणाचं नोकर नाही. त्याच्या वतीने वचन द्यायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नाही आणि मलाही नाही. माझ्याकडे एवढंच आहे: त्यांनी आज ही माणसं सोडली, तर कधी ना कधी त्या न्यायालयात मी स्वतः उभा राहीन आणि त्यांनी ती सोडली असं सांगेन. मी खोटं बोलत नाही, हे त्यांनी कोणालाही विचारावं."

मी तोंड उघडलं. ती बाई अजून चुण्या सारख्या करत होती. सिमॉन दारात कोयता पुसत होता, पण त्याच वेळी बाहेरून त्याला कोणीतरी हाक मारली आणि तो निघून गेला. खोलीत इंग्रजी समजणारे आता आम्ही दोघंच होतो.

मी फ्रेंचमध्ये म्हणालो, "राष्ट्राध्यक्षांनी हेगशी बोलून घेतलं आहे. हे अभयपत्र तिथेही चालेल. तुम्हाला जगात कोणी हात लावणार नाही. मी न्यायाधीश होतो, मी खोटं बोलत नाही."

माबुंडो बराच वेळ ओफोरींकडे बघत राहिला. ओफोरींनी नजर हलवली नाही. आपण सांगितलेलं खरं तसंच पोचलं अशी त्यांची समजूत होती, आणि तेच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्या चेहऱ्यावर माझं खोटं खपून गेलं.

"द्या पेन," माबुंडो म्हणाला.

ओफोरींना केवढं आश्चर्य वाटलं! ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत? माणसाला खरं सांगावं." मी मान हलवली.

दहा-दहाच्या टोळ्या करून सोडायचं ठरलं. एक टोळी खाली वळणापर्यंत, सरकारी नाक्यावर पोचली की दुसरी. पहिल्या टोळीत ती बाई होती. खरात सुभेदारांनी तिला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या, रक्तावरून पाय घसरू नये म्हणून. मला बघून त्यांनी नुसती भुवई उडवली, शाब्बास म्हटल्यासारखी.

तिसरी टोळी निघाली तेव्हा सिमॉन परत आला. भावाने त्याला बातमी सांगितली असावी. तो सरळ ओफोरींसमोर येऊन उभा राहिला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "हेग. नो टेक माय ब्रदर. यू से धिस?"



ओफोरींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एक श्वास घेऊन सोडावा इतकाच. पायऱ्यांवर तिसरी टोळी उतरत होती, माळ्यावर तीस-एक माणसं अजून होती. ओफोरींना सगळं कळलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मग ते सिमॉनकडे वळून म्हणाले, "येस. आय सेड इट."

सिमॉन गेला. ओफोरी जिन्याकडे वळले. थोड्या वेळाने म्हणाले, "चौथी टोळी लवकर काढा. त्यांना सांगा, वृद्ध माणसं आधी." मी ते तसंच पोचवलं.

बरोबर बारा वाजता पाचवी टोळी वळणावर पोचली. माळ्यावर अकरा माणसं उरली होती. कर्नलच्या एका रखवालदाराकडे रेडिओ होता, त्यावर बाराच्या बातम्या लागल्या. दुसरीच बातमी आमची होती. हेगच्या प्रवक्त्याला कोणीतरी विचारलं होतं आणि त्याने सांगितलं होतं की असल्या कुठल्याही करारामुळे वॉरंट रद्द होत नाही. कर्नल माबुंडो सापडेल तिथे त्याला अटक होईल.

 माबुंडोने स्वतः उठून रेडिओ बंद केला. मग पिस्तूल माझ्या कपाळाला लावलं.

"कोण खोटं बोललं? तो की तू?"

पिस्तूल ऊन होतं, सकाळपासून उन्हात ठेवल्यासारखं.  खरं सांगायला तोंड उघडलं होतं की खोटं, ते आजही मला माहीत नाही. ओफोरी उभे राहिले. प्रश्न त्यांना भाषेवाचून कळला. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि इतक्या महिन्यांत माझ्याकडून जे दोन-चार फ्रेंच शब्द शिकले होते त्यांत म्हणाले, "मी. शब्द माझे. हा फक्त तोंड."

माबुंडोने पिस्तूल वळवून त्यांच्या छातीत दोन गोळ्या घातल्या. ते टेबलावर पडले, अभयपत्रावर. तिसरी गोळी खाली वाकून कानात घातली.

तिथून पुढे सगळं एकदमच झालं. सिमॉन कोयता घेऊन जिन्याकडे धावला. वरून किंकाळ्या आल्या. बाहेर आमच्या गाडीवर कोणीतरी फैर झाडली आणि खरात सुभेदारांना हवी होती ती परवानगी मिळाली. ते दारातून आत आले तेव्हा तोंडाने शिव्या देत होते, अस्सल माणदेशी, आणि बंदूक कमरेशी धरून उडवत होते. दोन्ही रखवालदार पडले. माबुंडो खिडकीतून बाहेर उडी मारून गेला, खांद्यात गोळी घेऊन, आणि तो पळाला हे बघून त्याची बाहेरची माणसंही मळ्यात पांगली. नाईक धोंडीराम कोळेकर जिन्यावर चढला आणि सिमॉनच्या कोयत्याचा घाव त्याच्या मानेवर बसला. सुभेदारांनी सिमॉनला तिथेच, एका हाताच्या अंतरावरून मारलं. त्याच्या अंगावरून ते वर गेले.

मी टेबलाखाली होतो. ओफोरींचा हात माझ्या तोंडासमोर लोंबत होता आणि बोटांवरून रक्त गळत होतं.

अकरांपैकी चार जणांना सुभेदारांनी खाली आणलं. एकीला खांद्यावर टाकून आणलं. मग मला पाय धरून ओढत बाहेर काढलं, कारण मी ओफोरींचा हात सोडत नव्हतो. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "रडा. रडून घ्या. चौपन्न मान्सं वाचली, साहेब. म्हाताऱ्यानं काय बोलून वाचवली कुनास ठावं." धोंडीरामचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं आणि त्याची तुटलेली मान दोन्ही हातांनी जुळवून धरली होती, जणू काही अजून उपयोग होणार होता.

चौकशी समिती बसली. मला विचारलं, "मध्यस्थांनी हेगबद्दल आश्वासन दिलं होतं का?" मी म्हणालो, "मी दुभाषा आहे. मी भाषांतर केलं." एवढ्यावर त्यांनी लिहून टाकलं की मध्यस्थाने दिशाभूल केली आणि त्यामुळे नरसंहार ओढवला. वर्तमानपत्रांत आलं. घानामधल्या त्यांच्या कॉलेजने एका सभागृहाला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं होतं, ते रद्द झालं. पुढच्या वर्षी शेजारच्या खोऱ्यात दुसऱ्या एका टोळीने मध्यस्थांना भेटायला नकार दिला. "ओफोरीसारखे असाल," असा निरोप पाठवला, आणि वेढ्यातलं आख्खं गाव कापलं. हे वाचलं त्या दिवशी मी नोकरी सोडली. पण बोललो नाही.

माबुंडो सहा वर्षांनी पकडला गेला. खटला हेगला उभा राहिला. त्याच्या वकिलाचं म्हणणं होतं की त्याला वचन देऊन फसवलं गेलं. मला साक्षीला बोलावलं.

माबुंडो काचेपलीकडे बसला होता, केस पांढरे झालेले. कानाला लावलेल्या यंत्रातून कोणी तरी दुसराच दुभाषा त्याला माझं बोलणं सांगत होता. शपथ घेऊन मी सांगितलं. ओफोरी काय म्हणाले होते ते शब्दन् शब्द सांगितलं आणि मी काय पोचवलं तेही सांगितलं. "वचन माझं होतं. त्यांनी खरं सांगितलं होतं. ते आयुष्यात खोटं बोलले नाहीत." माबुंडो पहिल्यांदा ताठ बसला आणि माझ्याकडे बघू लागला. मग मधल्या सुट्टीसाठी कोर्ट उठलं.

बाहेरच्या बाकावर काळ्या कोटातली एक बाई माझी वाट बघत होती. ओफोरींसारखीच ठेंगणी, थोडी पुढे झुकून बसलेली. मी तिला ओळखलं.

"मी एफुआ ओफोरी," ती म्हणाली. "त्यांची मुलगी. मीही वकील आहे."

मी हात जोडले. माफी मागायला शब्द शोधत होतो. तिने मला थांबवलं.

"सहा वर्षं आमच्या घरात बाबांचं नाव कोणी घेत नव्हतं. आईने त्यांचे फोटो काढून टाकले. त्याबद्दल नंतर बोलू. आधी एक सांगा. त्या सिमॉनला इंग्रजी येत होतं ना?"

"हो. थोडं."

"मग त्याने बाबांना विचारलं असेलच. रेडिओच्या आधी."

मी बाकावर तिच्या शेजारी बसलो.

"विचारलं?"

"विचारलं."

"काय म्हणाले ते?"

मी तिला सांगितलं. ते माझ्याकडे कसे बघत होते, माळ्यावर किती माणसं होती, आणि मग त्यांनी उच्चारलेले ते चार शब्द. ती ऐकत राहिली. डोळे भरून आले, पण तिने पुसले नाहीत.

"हे तुम्ही आत सांगितलं नाहीत."

"त्यांचं नाव स्वच्छ राहावं म्हणून. मला वाटलं, तेवढं तरी माझ्याकडून—"

"तुम्हाला वाटलं." तिचा आवाज चढला नाही. "पुन्हा तुम्हीच ठरवलंत, बाबांचं कुठलं वाक्य पोचवायचं आणि कुठलं नाही. आयुष्यभर जो माणूस खोटं बोलला नाही, तो एकदाच बोलला. समोर उतरणाऱ्या माणसांसाठी आणि तुमच्यासाठी. ते त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं काम आहे, मिस्टर तोरसकर. ते तुम्ही खाऊन टाकणार?"

आत घंटा वाजली. लोक परतू लागले. मी उठलो, साक्षीदाराच्या जागेवर जाऊन उभा राहिलो आणि न्यायाधीशांना म्हणालो की माझी मघाची साक्ष अपुरी आहे, मला ती पुरी करायची आहे.

"काय राहिलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "मघाशी मी म्हणालो, ओफोरी साहेब कधी खोटं बोलले नाहीत. ते एकदा बोलले. ते लिहून घ्या."